पावणेदोनचं विमान

१

उचलताना माझ्या वाट्याला कप्तानाचे पाय आले. डोक्याकडची बाजू कंत्राटदाराने धरली, कारण तिकडे बघायची माझी छाती होईना. हँगरच्या उघड्या तोंडातून धुळीचे लोट आत येत होते. विमानाच्या पंखावर थर बसला होता आणि कप्तानाच्या सदऱ्याचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. शेजारी हातभर लांबीचा लोखंडी पाना पडला होता आणि त्यावरचं रक्तही मातकट झालं होतं. आम्ही त्याला फळीवर ठेवलं तेव्हा खाली सिमेंटवर माणसाच्या आकाराची स्वच्छ, काळी जागा उरली, एक हात डोक्यावर घेतलेली. मला ती बघवेना. मी तोंड फिरवलं.

"मी नाही मारलं," मिस्त्री भिंतीला टेकून पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी आलो तेव्हा विमान आधीच उभं होतं. इंजिनाला हात लावून बघितला मी. गार पडत आलं होतं."

"विमान उतरून दहा मिनिटं नाही झाली आणि इंजिन गार?" विमानतळाचे साहेब म्हणाले. ताप असल्यामुळे ते शाल गुंडाळून उभे होते. "हा पाना कोणाचा?"

"माझाच आहे, पण..."

"आणि काल कप्तानाशी हमरीतुमरीवर कोण आलं होतं?"

ते भांडण आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं. टाकीतलं तेल कमी का, असं कप्तानाने त्याला विचारलं होतं आणि मिस्त्री 'मला चोर म्हणता?' म्हणून अंगावर गेला होता. साहेबांनी त्याचा दंड धरला, इमारतीच्या मागच्या अंगाला बॅटऱ्या ठेवायच्या बिनखिडकीच्या खोलीत त्याला ढकललं आणि कुलूप लावून किल्ली शालीच्या आत खिशात टाकली.

तेवढ्यात छपरावर काहीतरी कडाडलं आणि घरंगळत खाली आलं. रेडिओची तार होती ती. आता समुद्रकाठावरच्या विमानतळाला आम्ही मेलो की जगलो हेही कळणार नव्हतं. वादळ थांबेपर्यंत इथून कोणी हलू शकत नव्हतं आणि ज्याने कप्तानाला मारलं तोही आमच्यातच होता.

२

मी वजनमापं तपासणारा सरकारी माणूस. दुकानातला काटा खोटा निघाला की लोक मला शिव्या देतात आणि खरा निघाला की चहासुद्धा देत नाहीत. या वरच्या विमानतळावर मला पाठवलं होतं ते तेलाच्या टाकीचं माप तपासायला. माझ्यासोबत आत्या होती, म्हणजे मीच तिच्यासोबत होतो असं ती सांगते. विमानात कधी बसले नाही, आता बसायचंच, या एका वाक्यावर तिने माझ्या घरात तीन महिने काढले आणि शेवटी मी शरण गेलो.

आत्या जन्मभर कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार बोलायचे, ती लिहायची. आता निवृत्त झाली तरी समोर कोणी बोलायला लागलं की तिचं बोट मांडीवर आपोआप चालतं. भाजीवाल्याचंही ती टिपून घेते. तिच्यासमोर थाप मारणं म्हणजे आपल्याच हाताने कबुलीजबाब लिहून देणं आहे, हे मी शाळेत असल्यापासून जाणतो.

हे विमानतळ म्हणजे तरी काय, पठारावर एक धावपट्टी, एक हँगर, तेलाची शेड, साहेबांचं घर आणि एक लांबट इमारत. इमारतीत प्रवाशांचा हॉल, त्याला चिकटून जनरेटर, मागच्या अंगाला रेडिओची आणि बॅटऱ्यांची खोली. काठावरचं दुसरं विमानतळ डोंगरांच्या पलीकडे समुद्राशी. मधला रस्ता वर्षातून निम्मा काळ बंदच. विमानाने मात्र सव्वा तास लागतो. एकच विमान, एकच कप्तान. तो दुपारी बाराला निघायचा आणि सव्वा वाजता इथे टेकायचा. ढगात वाट चुकायला मधे वाटच नाही, असं तो म्हणायचा.

मोठा गमत्या माणूस होता. आम्हाला घेऊन आला तेव्हा, "या पाहुणे, बसा पाहुणे, पोटात काही ढवळत असेल तर पिशवी समोर आहे," असं म्हणून त्याने आत्याला पुढच्या सीटवर हात देऊन बसवलं होतं. आत्याला तो फार आवडला. उतरताना मात्र तिच्या कानांना दडे बसले आणि पुढचा दीड दिवस तिला ढोल वाजवून जेवायला बोलवावं लागलं. आम्ही उतरलो तर धावपट्टीवर चिटपाखरू नव्हतं. आम्ही बॅगांवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने रेडिओताई धापा टाकत आली आणि ओशाळून म्हणाली, "अहो, तुम्ही पावणेदोनला येणार होतात ना?" कप्तान तेव्हा विमानामागे मिस्त्रीशी बोलत होता. आत्या माझ्याकडे बघून 'काय म्हणतेय?' अशी खूण करत होती. मी 'काही नाही' अशी मान हलवली.

रेडिओताई म्हणजे मिस्त्रीची थोरली बहीण. महिन्याभरापूर्वीच इथे लागलेली. आधीचा रेडिओवाला म्हातारा निवृत्त झाला आणि मिस्त्रीने साहेबांच्या हातापाया पडून ताईला ती जागा मिळवून दिली होती. घरी आजारी आई होती. दोघांच्या जिवावर तिचं औषधपाणी चाललं होतं.

कप्तान मेला त्या दिवशी बाराला मिस्त्रीने जनरेटर चालू केला. तो सुरू झाला की इमारतीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि रेडिओत नुसती खरखर असते. ताई लगेच हॉलमध्ये येऊन ओरडून सांगून गेली, "कप्तान निघाला! पावणेदोन!" मग मिस्त्री निवांत आमच्याबरोबर जेवला. जेवण झाल्यावर आत्याच्या चष्म्याची मोडलेली काडी त्याने तारेने बसवून दिली. ते करत असतानाच अचानक अंधारून आलं. काठाकडच्या खिडकीतून धूळ फसफसून आत शिरली आणि आत्याच्या चहावर साय धरावी तशी बसली. आम्ही तिघांनी मिळून खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मिस्त्री म्हणाला, "जनरेटरच्या नाकात धूळ जाईल. बंद करतो आणि हँगरवर जातो, कप्तान येईलच इतक्यात." तो गेला आणि थोड्याच वेळात बोंबलत परत आला.

त्याच्या ओरडण्याने साहेब त्यांच्या घरातून शाल गुंडाळून आले. धावपट्टीची डागडुजी करणारा कंत्राटदारही पाठोपाठ उगवला. तो त्याच विमानाने आला होता आणि धुळीत वाट चुकलो असं सांगत होता.

मला तर सगळं सरळ दिसत होतं. तसं मी आत्याला म्हणालो.

"सरळ दिसतंय ना?" ती म्हणाली. "मग तू काटे तपास. माणसं मी बघते."

३

दुसऱ्या दिवशीही बाहेर तांबडा अंधार होता. दारं उघडायची सोय नव्हती. दात घासताना दातांत, पांघरुणात, पाण्याच्या हंड्यात धूळ होती. भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. मागच्या बाजूने मिस्त्री बॅटरीच्या खोलीच्या दारावर थाप मारायचा, मग थांबायचा, मग पुन्हा मारायचा. तो थांबला की जास्त भीती वाटायची. ताई दाराशी बसून फटीतून त्याच्याशी बोलत होती. आत तेजाबाचा वास कोंडला होता आणि साहेब पाणी द्यायलाही कुलूप काढायला तयार नव्हते.

"आधी कबूल कर, मग पाणी," ते म्हणाले. "वादळ ओसरलं की काठावरून पोलीस येतील. त्यांच्यापुढे कागद तयार पाहिजे."

आत्याने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. "साहेब, तुम्हाला ताप कधीपासून?"

"काय?" त्यांनी कानाची पाळी ओढली. "जरा मोठ्याने बोला, आजीबाई. तापाने कान बसलेत."

आजीबाई हा शब्द आत्याने गिळला. "ताप कधीपासून, म्हटलं."

"काल नाही, परवा दुपारपासून. कप्तान परवा सामान टाकून परत गेला ना, तेव्हापासून पडूनच होतो. काल हा आरडाओरडा झाला तेव्हा उठलो."

"परवा संध्याकाळी मी तुमच्या दाराशी सूप ठेवलं होतं. दारही वाजवलं."

"झोप लागली असेल."

"काल सकाळीही ते तसंच होतं. वर मुंग्या."

"तापात तोंडाला चव नसते हो," साहेब म्हणाले. त्यांनी नाक चिमटीत धरून गाल फुगवले आणि पुन्हा कान ओढला. आत्याचं बोट मांडीवर चालत होतं.

मग तिने कंत्राटदाराला गाठलं. गडी एका रात्रीत सुकून गेला होता. "विमानात तुम्ही एकटेच होतात?" असं आत्याने विचारल्यावर त्याने आधी साहेबांच्या पाठीकडे बघितलं आणि मग म्हणाला, "एकटाच. आणखी कोण असणार?"

"उतरल्यावर तुम्ही हॉलकडे निघालात आणि वाट चुकलात. वादळ तेव्हा सुरू झालं होतं?"

"होय. दोन हातांवरचं दिसत नव्हतं."

"तुमची बॅग कुठे आहे?"

बॅग कोपऱ्यात होती. कापडी, पांढरी, आणि नुकतीच धुऊन आणल्यासारखी. आत्याने तिच्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. मी वैतागून म्हणालो, "असेल पुसली." कंत्राटदार उठून खिडकीशी गेला, जिथून काहीही दिसत नव्हतं.

शेवटी आत्या ताईकडे रेडिओच्या खोलीत गेली. मी दारात उभा राहिलो. ताईने रडून डोळे सुजवले होते.

"काकू, माझ्यामुळे अडकला हो तो. साहेब म्हणतात, विमान पावणेदोनला आलं हे तूच सांगितलंस आणि पावणेदोनला हँगरमध्ये फक्त तुझा भाऊ होता. मी आता काय म्हणू? मी जे ऐकलं तेच सांगितलं. आईला काय तोंड दाखवू मी?"

"रडणं नंतर," आत्या म्हणाली, पण तिने ताईचा हात हातात घेतला होता. "कप्तान काय बोलला? अर्थ सांगू नकोस. शब्द सांग."

"जनरेटर नुकताच लागला होता. खरखर फार होती. तो म्हणाला, 'निघालो. पावणेदोन. बाकी सामान.' बस."

"बाकी सामान?"

"असंच म्हणाला. मला वाटलं, फक्त सामान घेऊन येतोय."

"फक्त सामान असेल तर 'बाकी' कशाला? बाकी म्हणजे काहीतरी मोजून झाल्यावर उरलेलं."

मी मात्र कंटाळलो होतो. धूळ, तेजाबाचा वास आणि ती दारावरची थाप यांनी माझं डोकं उठलं होतं. "आत्या, तो माणूस बोलायचाच तसा," मी म्हणालो. "आपण आलो तेव्हाही त्याने पावणेदोनच सांगितलं होतं आणि सव्वालाच येऊन टेकला."

आत्याचं मांडीवरचं बोट थांबलं. ते थांबलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

"कधी?" ती म्हणाली. "हे मला का माहीत नाही?"

"तुझे कान बंद होते ना."

"गाढवा," आत्या इतक्या प्रेमाने म्हणाली की मी घाबरलो. "चल. कुलूप उघडायची वेळ झाली."

४

हॉलमध्ये साहेबांनी कागद तयार ठेवला होता. मिस्त्रीनेच कप्तानाला मारलं अशी आमची सर्वांची खात्री आहे, असा मजकूर होता आणि खाली सह्यांसाठी जागा. कंत्राटदाराची सही झाली होती. ती इतकी थरथरली होती की त्याचं त्यालाही नाव वाचता आलं नसतं.

"सही करा, आजीबाई."

"करते ना. आधी थोडं वाचून दाखवते." आत्या उभी राहिली. "कोर्टात असताना माझ्याकडून एकदा एक चूक होता होता राहिली. साक्षीदार म्हणाला, घर काकांना दिलं. मी लिहिलं, घर काकानं दिलं. ऐकायला काय फरक आहे सांगा? पण देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाली. संध्याकाळी घरी जाऊन झोप येईना, तेव्हा सकाळी न्यायाधीशांच्या हातापाया पडून ते बदलून घेतलं. तेव्हापासून माणूस काय बोलला आणि आपण काय ऐकलं हे मी वेगवेगळं ठेवते."

"मोठ्याने बोला," साहेब म्हणाले.

"बोलते की. दोन विमानतळांमधलं अंतर रोज बदलतं का हो साहेब?"

"काहीतरीच काय विचारता!"

"नाही ना बदलत? विमान तेच, कप्तान तोच, वेळ सव्वा तास. मग निघाल्यावर 'मी अमुक वाजता येतो' असं तो का सांगेल? उशीर होणार असेल तर सांगेल. उशीर कधी होतो, वारा तोंडावर असेल तर. काल वारा काठाकडून आला. माझ्या चहात त्याच खिडकीतून धूळ पडली. म्हणजे वारा विमानाच्या पाठीशी होता. कप्तान सव्वालाच आला असणार, झालं तर थोडा आधीच."

"विमान उतरलेलं कोणी ऐकलं?" साहेबांनी विचारलं.

"जनरेटर चालू असताना? इथे छप्पर कोसळलं असतं तरी ऐकू आलं नसतं. आणि अरे," ती माझ्याकडे वळली, "काल कप्तानाला उचलल्यावर खाली काय होतं ते तू रात्री मला सांगितलंस. पुन्हा सांग."

मी म्हणालो, "स्वच्छ जागा होती. धूळ नव्हती."

"सगळ्या हँगरभर धूळ आणि त्याच्याखाली नाही. म्हणजे तो पडला तेव्हा वादळ आलंच नव्हतं. वादळ आलं तेव्हा मिस्त्री माझ्या चष्म्याची काडी बसवत होता. खिडक्यांत चिंध्या कोंबत होता. त्याआधी आमच्याबरोबर जेवत होता. एक मिनिटभरही तो बाहेर गेलेला नाही. तो खरं सांगत होता, इंजिन गारच पडत आलं होतं."

मागच्या खोलीतली थाप थांबली होती. तो ऐकत असावा. ताई दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती.

"मग हाच!" साहेब एकदम कंत्राटदाराकडे बोट करून ओरडले. "विमानात हाच एकटा होता!"

कंत्राटदाराचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपलं, हा तो. त्याची बॅग स्वच्छ होती. वादळाच्या आधीच तो कुठेतरी भिंतींच्या आत पोचला होता आणि आमच्याशी खोटं बोलला होता.

"एकटा नव्हता," आत्या शांतपणे म्हणाली. "ताई, कप्तान प्रवाशांना काय म्हणायचा?"

ताई म्हणाली, "माझ्यासमोर कधी... मी रेडिओच्या खोलीतच असते, काकू."

"मला म्हणाला होता. या पाहुणे, बसा पाहुणे." आत्याने ताईकडे बघितलं. "खरखरीतून ऐक आता. निघालो. पाहुणे दोन. बाकी सामान."

ताईचे ओठ हलले. ती तेच शब्द स्वतःशी पुटपुटत होती. मग ती मटकन खाली बसली.

"आम्ही आलो तेव्हाही तो हेच म्हणाला होता, कारण आम्हीही दोघंच होतो. आधीच्या म्हाताऱ्याला त्याची बोली ठाऊक होती. ही पोर नवी. तिने पावणेदोन ऐकलं आणि आपण सगळ्यांनी घड्याळाकडे बघितलं. माणसं मोजायची राहून गेली. एक पाहुणा हा समोर आहे. दुसरा कुठला? आकाशातून कोणी मधे उतरत नाही."

बाहेर पत्रे वाजत होते.

"मला कान फार कळत नाहीत," आत्या पुढे म्हणाली, "पण विमानातून उतरल्यावर कानांना दडे बसले की माणूस काय काय करतो ते मी दीड दिवस करून बघितलंय. नाक धरतो, गाल फुगवतो, कान ओढतो. जो माणूस दोन दिवस घरात अंथरुणावर पडून होता, सूपसुद्धा ज्याने उघडलं नाही, त्याचे कान कशाने बसले, साहेब?"

हा प्रश्न तिने अगदी हळू विचारला होता. साहेबांना तो ऐकू आला.

५

आधी तुटला तो कंत्राटदार. तो हुंदके देत बोलत होता. साहेब परवा धावपट्टीच्या टोकाला, तेलाच्या शेडमागून गुपचूप विमानात चढले. दोन वर्षं ते टाकीतलं तेल बाहेर विकत होते आणि आता मी माप घेणार म्हणून काठावरून तेलाची पिंपं उसनी आणायला गेले होते. सामान वाहायला कप्तानाची ना नव्हती. पण काल येताना वाटेत त्याला पिंपांचा उलगडा झाला. मिस्त्रीला आपण उगाच चोर म्हणालो, उतरल्याबरोबर त्या पोराची माफी मागणार आणि वर कळवणार, असं तो साहेबांना तोंडावर म्हणाला. हँगरमध्ये दोघांची जुंपली. पाना हाताशीच होता.

"मला म्हणाले, घरात येऊन बस. बोललास तर तूच मारलंस म्हणून सांगेन, विमानात तूच होतास. माझी सगळी कामं यांच्या सहीवर चालतात हो. आणि इथून पळून जायला जागा तरी आहे का? किल्ल्या यांच्याकडे. मला भीती वाटली." तो ताईकडे बघून हात जोडत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"काठावर एक शब्द विचारला की साहेब तिथे गेले होते हे कळणार होतं," आत्या म्हणाली. "म्हणून वादळ थांबायच्या आत कबुली हवी होती. पाण्याच्या बदल्यात."

त्यापुढे मी त्या माणसाला अहो-जाहो करत नाही. तो उठला, शाल टाकली आणि दाराकडे धावला. मी त्याला धरायला हवं होतं, पण तो दार उघडून बाहेर पडलासुद्धा. आत धुळीचा लोट आला. आम्ही नुसतेच उभे राहिलो.

"जाऊ दे," आत्या म्हणाली. "जाणार कुठे?"

खरंच होतं ते. बाहेर धावपट्टी होती, पण तिच्यावरून जायला विमान उडवता यायला हवं आणि ते उडवणाऱ्याला त्याने स्वतःच मारलं होतं. थोड्या वेळाने दारावर नखं घासल्याचा आवाज आला. मी दार उघडलं. तो उंबऱ्यावर गुडघ्यांवर बसून खोकत होता, भुवयांपर्यंत तांबडा झालेला. ताईने वाकून त्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली.

बॅटरीच्या खोलीचं कुलूप उघडताना घाईत तिची किल्ली लागेना. आतून मिस्त्री म्हणाला, "तायडे, उलटी धरली असशील." तेव्हा ती हसली, आणि दार उघडल्यावर त्याच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. मग तिने त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावला. माझेही डोळे भरून आले होते. मी ते धुळीवर ढकललं.

आम्ही त्याच खोलीत त्या माणसाला कोंडलं. पाणी मात्र दिलं. आत्याने स्वतः नेऊन दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश निवळलं. मिस्त्रीने छपरावर चढून तार जोडली आणि ताईने काठावर सगळं सांगितलं. दुपारी दुसरीकडून मागवलेल्या विमानात पोलिसांना घेऊन दुसरा वैमानिक आला. तेलाच्या टाकीचं माप मी घेतलं. ते किती कमी भरलं ते मी माझ्या अहवालात लिहिलं आहे.

निघायच्या वेळी कप्तानाला चादरीत गुंडाळून मागच्या बाजूला ठेवलं होतं. आत्या त्याच्याजवळच्या सीटवर बसली. आमची बॅग इमारतीत राहिली म्हणून मी ती आणायला गेलो, तेव्हा ताई रेडिओवर काठाला कळवत होती. मिस्त्री तिच्या खुर्चीमागे उभा होता. आज त्याने जनरेटर लावला नव्हता.

"विमान निघतंय," ती म्हणाली. "पाहुणे दोन."

पलीकडून खरखरत आवाज आला. "ऐकलं. पावणेदोन."

ताईने डोळे मिटले. भावाचा हात तिच्या खांद्यावर आला.

"नाही," ती म्हणाली. "वेळ नाही. वेळ सांगायची नसते, अंतर तेवढंच आहे. पाहुणे. माणसं. दोन माणसं, काकू आणि त्यांचा भाचा. पोलीस आणि त्यांचा कैदी वेगळे. आणि मागे आपले कप्तान आहेत. त्यांना पाहुण्यांत धरू नका."